बर्फावरची मिनिटं मोजा: कॅनडातल्या मराठी हॉकी-पालकांना खुलं पत्र

मिसिसागा, ब्रॅम्प्टन, कॅल्गरी, एडमंटन, सरे आणि जिथे जिथे पहाटेच्या अंधारात रिंकच्या पार्किंगमध्ये थर्मासातला चहा ओतला जातो, तिथल्या सगळ्या मराठी आईबाबांना,

सप्रेम नमस्कार.

एप्रिल जवळ आला की आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन प्रकारचे निरोप येऊ लागतात. पहिला असा: "पुढच्या वर्षी यू-१५ (पंधरा वर्षांखालचा गट). चेकिंग सुरू होणार. आमचा अंगाने लहान आहे, त्याला काढून बॅडमिंटनला घालावं म्हणतोय." दुसरा असा: "ट्रिपल ए (सगळ्यात वरच्या पातळीच्या) संघाच्या कोचशी कोणाची ओळख आहे का?" गंमत म्हणजे हे दोन्ही निरोप कधी कधी एकाच घरातून येतात. आठवड्याच्या अंतराने, आणि बहुतेक वेळा पहिला आईकडून, दुसरा बाबांकडून.

मला या दोन्हींबद्दल बोलायचं आहे. त्यासाठी मार्टिन सेंट लुई या निवृत्त कॅनेडियन हॉकीपटूची कारकीर्द तुमच्यासमोर ठेवते. नाव तुम्ही ऐकलंच असेल. पण मुलं त्याची गोष्ट सांगतात तेव्हा ती "जिद्द असली की झालं" अशी होते, आणि आपणही मान डोलावतो. मूर्ती लहान वगैरे म्हण लगेच कोणाच्या तरी तोंडून येते. मला वाटतं, जिद्द हा त्या गोष्टीतला सगळ्यात कमी कामाचा भाग आहे. जिद्दी तर सगळेच असतात. पहाटे उठणारं प्रत्येक पोर जिद्दीच असतं.

(हे पत्र पुण्या-मुंबईत कोणी वाचत असेल तर एवढंच: इथे हॉकी म्हणजे बर्फावरची. खडकीच्या मैदानावर धनराज पिल्ले खेळला ती वेगळी. इथे खांदा मारून समोरच्याला रिंकभोवतीच्या कठड्यावर आदळणं नियमात बसतं, आणि त्यालाच चेकिंग म्हणतात.)

आपल्यासमोर आपल्यातलं उदाहरण का नाही, तेही आधी सांगते. एनएचएलमध्ये (उत्तर अमेरिकेतली सर्वांत वरची व्यावसायिक लीग) पोचलेला पहिला भारतीय वंशाचा खेळाडू रॉबिन बावा, १९८९ साली. मग मॅनी मल्होत्रा, मग जुझार खैरा. तिघेही सहा फुटांच्या वरचे. पंजाबी घरांनी या खेळात जी वाट पाडली तिचं मला मनापासून कौतुक आहे; २००८पासून हॉकीचं समालोचन पंजाबीत ऐकायला मिळू लागलं, हेही त्यांच्यामुळेच. पण त्या तिघांकडे पाहून आपली माणसं म्हणतात, "त्यांची हाडापेराची गोष्ट वेगळी." म्हणून क्विबेकमधल्या लावालचा, १९७५ साली जन्मलेला हा माणूस घेतला. कार्यक्रमपत्रिकेवर त्याची उंची ५ फूट ८ इंच छापत.

आता आपल्याकडे वधू-वर सूचकात ५ फूट ८ इंच म्हणजे चांगलं उंच स्थळ. एनएचएलमध्ये सरासरी उंची सहा फूट एक इंचाच्या आसपास आहे आणि तीही स्केट्स न घालता. त्यामुळे हा माणूस तिथे ठेंगू ठरला, आणि अठराव्या वर्षी ड्राफ्टमध्ये (संघ नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्यात) त्याचं नाव कोणीच घेतलं नाही. पुढच्या वर्षीही नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. दरम्यान तो व्हरमाँट विद्यापीठात खेळत होता. चार वर्षांत त्याने २६७ गुण (गोल आणि गोल करवून देणारे पास, म्हणजे असिस्ट, मिळून) केले, त्या विद्यापीठाच्या इतिहासात सर्वांत जास्त. अमेरिकी विद्यापीठांतल्या सर्वोत्तम खेळाडूला होबी बेकर पुरस्कार मिळतो. त्याच्या अंतिम यादीत तो तीनदा आला. १९९६ साली संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या चारांत पोचला. तेव्हाचा त्यांचा गोलरक्षक टिम थॉमस पुढे बॉस्टनसाठी स्टॅनले कप (एनएचएलचं विजेतेपद) जिंकला. म्हणजे त्याचा खेळ कोणाला दिसला नाही, असं म्हणायला जागा नाही. स्काउट (संघांसाठी खेळाडू हेरणारे) लोक स्टेडियममध्ये बसले होते. त्यांनी पाहिलं आणि वहीत उंची लिहून घेतली.

त्या लोकांना मी मूर्ख म्हणणार नाही. त्यांच्या जागी बसून पाहा. सहा फूट तीन इंचांचा मुलगा निवडला आणि तो पुढे चालला नाही, तर मालक म्हणतो, दुर्दैव. ठेंगणा निवडला आणि तो चालला नाही, तर मालक म्हणतो, "डोळे कुठे होते?" चूक तीच, पण शिक्षा वेगळी. अशा नोकरीत माणूस खेळाडूंपेक्षा स्वतःची खुर्ची जास्त सांभाळतो. आपल्या तालुक्याच्या निवड समित्या आठवा, फार वेगळं नाही.

विद्यापीठ संपल्यावर तो क्लीव्हलंडला दुय्यम लीगमध्ये गेला. तिथून फेब्रुवारी १९९८मध्ये कॅल्गरी फ्लेम्सने त्याला करारबद्ध केलं. आणि इथून पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्या मुलांच्या बाबतीत नेमकं हेच होतं.

कॅल्गरीने त्याला संधी दिली नाही, असं लोक म्हणतात. दिली की. दोन मोसमांत मिळून ६९ सामने दिले. त्यात त्याने गोल केले चार. आकडा बघून कोणीही म्हणेल, जमलं नाही बुवा. पण ते सामने तो कुठल्या जागेवर खेळला? खालच्या फळीत. समोरच्याचा हल्ला अडवायचा, आपल्या खेळाडूला शिक्षा झाली की चार जणांत किल्ला लढवायचा, आणि पुन्हा बाकावर येऊन बसायचं. एका संघात हल्ल्याच्या चार फळ्या असतात. वरच्या दोन गोल करण्यासाठी. खालच्या दोन समोरच्यांना दमवण्यासाठी, अंगावर जाण्यासाठी, कठड्याच्या कोपऱ्यात पक (रबरी चकती) दाबून धरण्यासाठी. खालच्या फळीत सहा फूट तीन इंचांचा खेळाडू एकही गोल न करता दहा वर्षं नोकरी टिकवतो, कारण त्याचं अंगच त्याचं काम करतं. लहान चणीच्या खेळाडूला तिथे ठेवलं, तर तो धड अंगावर जाऊ शकत नाही आणि धड त्याच्या पायाजवळ पक येत नाही. मग वर्षाअखेर हिशेब होतो: गोल चार.

म्हणजे लहान खेळाडूला मधली जागा नसते. तो वरच्या दोन फळ्यांत आणि पॉवर प्लेमध्ये खेळला तरच उपयोगाचा, नाहीतर निरुपयोगी. (पॉवर प्ले म्हणजे समोरचा एक जण शिक्षेच्या खोक्यात बसलेला असताना पाच विरुद्ध चार. तिथे धक्काबुक्की कमी आणि मोकळी जागा जास्त, म्हणून तो लहान माणसाचा हक्काचा प्रांत.) मोठ्या चणीचा खेळाडू पायरी पायरीने वर चढू शकतो. लहानाला शिडीच्या मधल्या पायऱ्याच काढून ठेवलेल्या असतात.

२००० साली मिनेसोटा आणि कोलंबस हे दोन नवे संघ लीगमध्ये आले. त्यांच्यासाठी जुन्या संघांनी आपापले काही खेळाडू मोकळे सोडायचे होते. कॅल्गरीने सेंट लुईला सोडलं. शून्यातून संघ उभा करणाऱ्या त्या दोघांपैकी एकानेही त्याला उचललं नाही. मग कॅल्गरीने उरलेल्या कराराचे पैसे देऊन त्याला घरी पाठवलं. वय पंचवीस. आपल्याकडे या वयात नातेवाईक म्हणू लागतात, आता एमबीए तरी कर.

३१ जुलै २००० रोजी टॅम्पा बे लाइटनिंगने त्याला घेतलं. टॅम्पा तेव्हा लीगमधल्या सर्वांत दुबळ्या संघांपैकी एक. फ्लोरिडात, उन्हात, जिथे हॉकी बघायला माणसं यायला हवी म्हणून धडपड करावी लागे. तिथे त्याच्यापुढे रांग नव्हती. पहिल्या मोसमात १८ गोल. दुसऱ्यात पाय मोडला, तरी ५३ सामन्यांत १६. तिसऱ्यात ३३. आणि २००३-०४ मध्ये ३८ गोल, ५६ असिस्ट, एकूण ९४ गुण, संपूर्ण लीगमध्ये सर्वाधिक. त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडूचा हार्ट करंडक त्याला मिळाला, आणि खेळाडूंनी आपल्या मतांनी दिलेला पुरस्कारही. त्याच संघात व्हिन्सेंट लकॅव्हलिए होता, सहा फूट चार इंच, १९९८च्या ड्राफ्टमध्ये पहिल्याच क्रमांकावर निवडलेला. एका खोलीत एकाच्या नावाची लीगभर वाट पाहिली गेलेली, दुसऱ्याचं नाव कधी पुकारलंच गेलेलं नाही.

पुढचं तुम्हाला कॅल्गरीतली मंडळी सांगतील, आणि सांगताना त्यांचा आवाज चढेल. २००४च्या स्टॅनले कपच्या अंतिम फेरीत टॅम्पासमोर कोण? कॅल्गरी. कॅल्गरी ३-२ ने पुढे, सहावा सामना त्यांच्या घरच्या सॅडलडोममध्ये. एक विजय आणि कप त्यांचा. ठरलेल्या वेळेत बरोबरी झाली, जादा वेळेचा पहिला डाव कोराच गेला, आणि दुसऱ्या जादा डावाच्या ३३व्या सेकंदाला सेंट लुईने गोल केला. दोन दिवसांनी टॅम्पात सातवा सामना २-१ असा जिंकून कप टॅम्पाला. कॅल्गरीत आजही लोक तावातावाने सांगतात की त्या सहाव्या सामन्यात शेवटी शेवटी त्यांच्या जेलिनाच्या स्केटला लागून पक रेषेच्या आत गेलाच होता. असेलही. मी त्या भांडणात पडत नाही; माझी नणंद कॅल्गरीत राहते.

कोणी म्हणेल, पुढे खेळच बदलला, लहान माणसांना बरे दिवस आले. बरोबर आहे, पण क्रम नीट लावा. २००४-०५ चा पूर्ण मोसम मालक-खेळाडू वादात बुडाला, आणि २००५मध्ये लीग परत सुरू झाली तेव्हा ओढाओढी, स्टिक अडकवणं, वाट अडवणं यांवर पंच कडक झाले. दोन रेषा ओलांडून लांब पास द्यायलाही मुभा मिळाली. सेंट लुई हार्ट करंडक जिंकला तो याच्या आधी. ज्या काळात बचावपटू वेगवान खेळाडूच्या कमरेला स्टिक अडकवून त्याला ओढत न्यायचे आणि पंच दुसरीकडे बघायचे, त्या काळात. त्यामुळे "आता जमाना वेगळा आहे" हे त्याच्या बाबतीत पुरेसं उत्तर नाही.

आणि आयांनो, तुमच्या भीतीबद्दल. ती खोटी नाही, मीही तीच भीती बाळगून आहे. कॅल्गरी विद्यापीठातल्या संशोधकांनी अल्बर्टा आणि क्विबेक या दोन प्रांतांतल्या अकरा-बारा वर्षांच्या मुलांची तुलना केली होती. अल्बर्टात त्या वयात चेकिंगला परवानगी होती, क्विबेकमध्ये नव्हती. अल्बर्टात दुखापतीचा धोका तिपटीहून जास्त निघाला. यानंतर २०१३मध्ये हॉकी कॅनडाने त्या वयोगटातून चेकिंग देशभर काढून टाकलं. म्हणूनच आता ते यू-१५ला सुरू होतं, तेही सगळीकडे नाही. हाउस लीगमध्ये (स्थानिक हौशी गटांत) बहुतेक ठिकाणी नसतंच. तेव्हा चेकिंग नको म्हणून मुलाला हॉकीतूनच काढायचं, याची गरज नाही. तुमच्या संघटनेत चेकिंग नसलेला गट आहे का, हे एका फोनवर कळतं.

ज्यांना पुढे जायचंय त्यांच्या मुलांना चेक मारायला शिकवण्याआधी चेक घ्यायला शिकवलं जातंय का, ते बघा. कठड्याला चिकटून असलेला मुलगा त्यामानाने सुरक्षित असतो. कठड्यापासून हातभर दूर, पाठ फिरवून, मान खाली घालून पक शोधणारा मुलगा धोक्यात. चांगला कोच हे महिनाभर शिकवतो. वाईट कोच "टफ हो" म्हणतो.

सेंट लुई स्वतः सलग ४९९ सामने खेळला, एकही न चुकवता. साखळी तुटली ती २०११मध्ये, सरावात आपल्याच संघातल्या खेळाडूने मारलेला पक चेहऱ्यावर बसल्यामुळे. अंगावर येणाऱ्या सहा फुटी माणसांनी ती तोडली नाही. त्याच्या मांड्या बघितल्यात का कधी? वजन खाली, गुडघे वाकलेले, धक्का बसला तरी तोल जात नसे. शिवाय सभ्य खेळासाठीचा लेडी बिंग पुरस्कार त्याला तीनदा मिळाला. म्हणजे तो मारामारी करून टिकला, असंही नाही.

आता मुद्द्यावर येते. आपण मराठी लोक मुलांसाठी नाव बघतो. शाळा कुठली, कॉलेज कुठलं, ब्रांच कुठली. तीच सवय रिंकवर घेऊन येतो. ट्रिपल ए संघाचं जॅकेट अंगावर आलं की भारतात फोटो जातो. पण त्या संघातला तुमचा पोरगा तिसऱ्या-चौथ्या फळीत असेल, सामन्यात मोजून चार वेळा बर्फावर जात असेल, पॉवर प्ले लागला की त्याला बाकावर बसवत असतील, तर तुम्ही त्याचं कॅल्गरी करताय. पैसे देऊन. मोसम संपला की त्याच्या नावापुढे दोन गोल दिसतील, आणि पुढच्या वर्षीचा कोच तेच दोन गोल बघून त्याला काढेल. तोच मुलगा डबल ए किंवा सिंगल ए संघात पहिल्या फळीत खेळला, पॉवर प्लेवर दर वेळी उतरला, चुका करायला त्याला जागा मिळाली, तर तो खेळ शिकेल. उंच मुलाच्या आईला मी हा सल्ला देणार नाही. तिचा मुलगा खालच्या फळीतही वाढतो. आपल्याला ती चैन परवडणारी नाही.

सेंट लुईने आयुष्यात जे दोन निर्णय घेतले त्यांकडे असं बघा. व्हरमाँट हे विद्यापीठ हॉकीतलं सगळ्यात मोठं नाव नव्हतं, आणि टॅम्पा तर नव्हतंच. दोन्ही ठिकाणी त्याला मिळाला तो बर्फ. विद्यापीठाच्या चार वर्षांत सामने ज्युनिअर लीगपेक्षा कमी आणि व्यायामशाळेचा वेळ जास्त; उशिरा अंग धरणाऱ्या मुलाला याहून चांगलं काही नाही. आणि आपल्या घरांना तर डिग्रीही हवीच असते! पूर्वी एक अडचण होती. कॅनडाच्या मेजर ज्युनिअर लीगमध्ये एकदा खेळलात की अमेरिकी विद्यापीठांची दारं बंद. २०२५-२६पासून एनसीएएने (तिथल्या विद्यापीठ क्रीडा संघटनेने) ती अट काढली आहे. म्हणजे सोळाव्या वर्षी एकच दार निवडून दुसरं कायमचं बंद करायची सक्ती आता नाही. बाबांनो, ओळखी काढण्यात जो वेळ घालवताय त्यातला थोडा हा नियम वाचण्यात घाला.

उशिरा अंग धरण्याबद्दल आणखी थोडं. इथे वयोगट १ जानेवारीवर ठरतात. डिसेंबरात जन्मलेलं पोर जवळजवळ वर्षभराने मोठ्या मुलांसोबत ट्राय-आउट (निवड चाचणी) देतं. एकाला मिसरूड फुटलेलं असतं, दुसऱ्याचा आवाजही फुटलेला नसतो, आणि दोघांच्या पाठीवर एकच वयोगट लिहिलेला. कबड्डीत निदान वजनाची मर्यादा असते. इथे तीही नाही. वरच्या संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं जास्त भरतात, हे कॅनडाचेच मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिलं, पण ट्राय-आउटच्या टेबलावर ते अजून पोचलेलं दिसत नाही. लेन हटसन नावाच्या बचावपटूने यावर भारी उपाय काढला. २०२२च्या ड्राफ्टआधी तो संघांच्या मुलाखतींना जाताना डॉक्टरांचं पत्र घेऊन गेला: माझ्या हाडांची वाढ मागे आहे, मी अजून वाढणार आहे. शाळेत आजारपणाची चिठ्ठी घेऊन जावं तसं! तरीही तो ६२व्या क्रमांकापर्यंत खाली घसरला. मॉन्ट्रियलने घेतला. २०२५मध्ये लीगमधला सर्वोत्तम नवोदित तोच ठरला, ६६ गुणांसह.

आणि तेव्हा मॉन्ट्रियलचा कोच कोण, ते सांगायला नकोच. निवृत्तीनंतर सेंट लुई आपल्या मुलांच्या संघांना शिकवत होता, आपल्यासारखाच रिंकवर. फेब्रुवारी २०२२मध्ये मॉन्ट्रियल कनेडियन्सने त्याला थेट मुख्य प्रशिक्षक केलं. व्यावसायिक संघ चालवण्याचा अनुभव शून्य. टीकाकारांना खमंग विषय मिळाला. त्या संघात कोल कॉफिल्ड होता. ५ फूट ७ इंच, अमेरिकेच्या अठरा वर्षांखालच्या संघासाठी एका मोसमात ७२ गोल केलेला, आणि त्या वर्षी एनएचएलमध्ये ३० सामन्यांत एकच गोल करून हिरमुसलेला. मधे त्याला खालच्या लीगमध्येही धाडून झालं होतं. नव्या कोचच्या हाताखाली उरलेल्या ३७ सामन्यांत त्याने २२ गोल केले. त्या दोन-तीन महिन्यांत त्याची उंची वाढली असेल असं मला वाटत नाही.

कॅल्गरीला मी फार झोडपलं, म्हणून त्यांचीही बाजू मांडते. १९८७मध्ये त्यांनीच आठव्या फेरीत, १६६व्या क्रमांकावर थिओ फ्लुरीला घेतलं होतं. तो ५ फूट ६ इंच. दोन वर्षांत तो त्यांच्या एकमेव स्टॅनले कपचा भाग झाला, आणि १९९०-९१मध्ये त्याने ५१ गोल केले. २०११मध्ये त्यांनीच जॉनी गॉड्रोला १०४व्या क्रमांकावर उचललं. त्याने एका मोसमात ११५ गुणांपर्यंत मजल मारली. (२०२४च्या ऑगस्टमध्ये सायकलवरून जाताना गाडीच्या धडकेत तो आणि त्याचा भाऊ दोघे गेले, त्या दिवशी आमच्या रिंकबाहेरही लोकांनी स्टिक आणून उभ्या केल्या होत्या.) १९९८-९९च्या मोसमात तर फ्लुरी आणि सेंट लुई दोघेही कॅल्गरीच्याच यादीत होते. लहान माणूस काय करू शकतो हे त्या क्लबला रोज डोळ्यांसमोर दिसत होतं. तरी दुसरा आला तेव्हा परीक्षा पहिल्यापासून सुरू. उंच खेळाडू यशस्वी झाला की पुढच्या उंच खेळाडूला त्याचा फायदा मिळतो. लहानाचं यश त्याच्यापुरतंच राहतं, त्याला अपवाद म्हणून बाजूला ठेवतात.

फ्लुरीचं नाव घेतलं आहे तर एक गोष्ट टाळता येणार नाही. ज्युनिअर हॉकीत असताना त्याच्या प्रशिक्षकाने त्याचं लैंगिक शोषण केलं. हे त्याने २००९मध्ये आत्मचरित्रात लिहिलं, आणि पुढे त्या प्रशिक्षकाला न्यायालयाने शिक्षाही केली. मधल्या वर्षांत दारू आणि ड्रग्जनी त्याची कारकीर्द पोखरली. आपल्याकडे या विषयावर बोलत नाहीत, म्हणून मी इथे लिहिते. अंगाने लहान मुलाला रिंकवर राहण्यासाठी कोणाची तरी मर्जी लागते. "तुझ्यात दम आहे, मी तुला वर नेतो" असं म्हणणारा एक मोठा माणूस त्याच्या आयुष्यात येतोच. बहुतेक वेळा तो सज्जन असतो. पण कोच एकटाच मुलाला गाडीतून नेतोय, वेगळे मेसेज करतोय, हे दिसलं तर "त्यांच्या मनात काय येईल" हा विचार न करता विचारा. कोचला गुरू मानून पाया पडण्याची आपली सवय इथे बाजूला ठेवावी लागेल.

बाबांसाठी एक थंड पाण्याचा हबकाही देते. हे पत्र वाचून "आपला सेंट लुई" म्हणून नाचू नका. तुमचा मुलगा एनएचएलमध्ये जाणार नाही. माझाही नाही. उंच मुलंही जात नाहीत. सेंट लुईलाही वर पोचल्यावर वागणूक सरळ मिळाली नाही. २०१२-१३ मध्ये, सदतिसाव्या वर्षी, ४८ सामन्यांत ६० गुण करून तो पुन्हा लीगमध्ये पहिला आला. हा मान मिळवणारा सर्वांत वयस्क खेळाडू. आणि लगेच पुढच्या हिवाळ्यात सोची ऑलिंपिकच्या कॅनडा संघातून त्याला वगळलं, तेही त्याच्याच क्लबच्या जनरल मॅनेजरने, स्टीव्ह आयझरमनने. टॅम्पाचाच स्टॅमकोस जखमी होता म्हणून शेवटी जागा मिळाली, आणि सुवर्णपदकही. पण तोवर मन उठलं होतं. कर्णधार असूनही तो टॅम्पा सोडून न्यूयॉर्कला गेला. ११३४ सामने, १०३३ गुण, २०१८मध्ये हॉल ऑफ फेममध्ये पहिल्याच वर्षी प्रवेश, टॅम्पात २६ नंबरची जर्सी छताला. एवढं करूनही दर काही वर्षांनी त्याला कोणीतरी फूटपट्टी लावलीच. तुमच्या मुलालाही लावतील. त्याला ते आधी सांगा, घरात, शांतपणे. ट्राय-आउटनंतर गाडीत रडत असताना सांगून उपयोग नाही.

तर या एप्रिलमध्ये एवढं करा. ट्राय-आउटला जाण्याआधी कोचला ईमेल लिहा आणि दोनच गोष्टी विचारा. तुमच्या संघात सगळ्या फळ्या सारख्या वेळ बर्फावर जातात, की शेवटच्या दहा मिनिटांत बाक छोटं होतं (मोजकीच मुलं उतरतात)? आणि पॉवर प्लेवर कोण खेळणार हे ऑक्टोबरात ठरून बसतं, की मुलांना फिरवून संधी मिळते? "आम्ही सगळ्यांना फेअर चान्स देतो" हे उत्तर नाही. त्याच संघात गेल्या वर्षी तळाला खेळलेल्या मुलाच्या आईला गाठा, खरं उत्तर तिच्याकडे असतं. ते पटलं नाही, तर एक पायरी खालच्या संघाच्या ट्राय-आउटची नोंदणीही आजच करून ठेवा. ती लवकर भरते, आणि भरली की नंतर कोणाचीच ओळख चालत नाही.

आपली,
ब्रॅम्प्टनच्या एका रिंकवर दुलई पांघरून बसणारी एक आई

ता. क.: लहान मापाचे, एकच मोसम वापरलेले स्केट्स आणि शोल्डर पॅड आमच्याकडे आहेत. हवे असतील त्यांनी ग्रुपवर सांगा, पैसे नकोत.